गेंड्याचा भाकरतुकडा

चार मित्र तीस वर्षं एकाच गोष्टीवर भांडत राहिले की किस्से आपोआप साचतात. मुद्दाम कुणी साचवत नाही. माळ्यावर रिकामे डबे साचतात ना, तसेच. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! आमच्या सगळ्या डब्यांवर एकच नाव आहे: गगन गेंडा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही प्राथमिक शाळेत असताना रविवारी सकाळी टीव्हीवर हे कार्टून लागायचं. कुठल्या तरी परदेशातलं, हिंदीत डब केलेलं. पुरात वाट चुकलेला एक गेंडा उडत्या नावेत बसून आपलं जंगल शोधत फिरतो. सोबतीला डबरू नावाचा बेडूक. दर रविवारी नाव नव्या गावात उतरायची, गेंडा तिथल्या लोकांची काहीतरी अडचण सोडवायचा आणि निघताना शिंग वर करून म्हणायचा, "सींग सीधा, रास्ता सीधा!" आम्ही अक्षरशः येडे झालो होतो.

आम्ही म्हणजे नवीन जालन्यातल्या एका गल्लीतले चौघं. पारसच्या घरी गल्लीतला एकमेव कलर टीव्ही होता. मारवाडी घर, स्टीलच्या भांड्यांचं दुकान. आता ते तोच बघतो. संगीता, आमची संगी, अंबडकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे. गणेश, म्हणजे गण्या, मूळचा धावडा गावचा. शाळेसाठी आईवडिलांनी त्याला आमच्या गल्लीत मामाकडं आणून ठेवलं होतं. तो आता एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये आहे. आणि मी अविनाश, बँकेत.

ह्या कार्टूनवर आजवर तीन सिनेमे आले, खऱ्या नटांना घेऊन. तिन्ही वेळा आम्ही नवे कपडे घालून गेलो आणि तिन्ही वेळा भांडत बाहेर आलो.

पण आधी शेवटच्या भागाचं सांगायला हवं. सगळी भांडणं तिथूनच निघतात.

*

गेंडा घरी पोचतो की नाही, ते त्या रविवारी कळणार होतं. उन्हाळा लागलेला. पारसचे वडील, ज्यांना सगळी गल्ली बाऊजी म्हणायची, त्यांचे नियम कडक. चपला बाहेर, हात धुऊन, मांडी घालून, तोंडावर बोट. आम्ही सगळे नियम पाळून बसलो. गाणं सुरू झालं, नाव ढगातून बाहेर आली आणि लाइट गेली!

ती सकाळी गेलेली लाइट संध्याकाळपर्यंत आली नाही. आम्ही हळहळलो आणि गोट्या खेळायला गेलो. गण्या मात्र मामाच्या ओट्यावर बसून रडत राहिला. त्याचं मामाकडचं ते पहिलंच वर्ष होतं. आईची आठवण आली की तो म्हणायचा, "गेंडा घरी जाईल, मंग मी बी जाईन." आता गेंडाच अडकला होता.

संगी त्या दिवशी मावशीकडं अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या कॉलनीत गेली होती. कारखाना आपली वीज आपणच तयार करतो, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. ती संध्याकाळी परत आली, गण्याकडं बघितलं आणि म्हणाली, "रडतो काहून? मी बघितलं ना! पोचला तो घरी."

मग तिनं सगळं सांगितलं. नाव उतरली. गेंड्याची आई दारात उभी. ती म्हणाली, "थांब, तसाच आत येऊ नको." तिनं भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून लांब फेकला, तांब्यातलं पाणी ओवाळून टाकलं, त्याच्या डोळ्यांना पाण्याचा हात लावला आणि मगच त्याला आत घेतलं.

गण्यानं नाक पुसलं. "डबरूवरून बी ओवाळलं का?"

"मंग? बेडूक झाला म्हणून काय झालं?"

पुढं ते कार्टून पुन्हा लागलं नाही. इंटरनेट आल्यावर आम्ही एकेका भागाची लिहिलेली गोष्ट शोधून काढली, शेवटच्या भागाची तेवढी कुठंच मिळाली नाही. पण आम्हाला फिकीर नव्हती. आमच्याकडं संगी होती.

*

पहिला सिनेमा आला तेव्हा पारसचं नुकतंच लग्न झालेलं. नव्या नवरीला घेऊन तो पहिल्याच दिवशी टॉकीजला गेला. पडद्यावर गेंडा आला तो दोन पायांवर! एका नटानं टोपीला शिंग लावलेलं, अंगात जाकीट, खाली जीन्स.

पारसला वाटलं, हा गेंड्याचा कुणी नोकर असेल, खरा गेंडा मागून येईल. दहा मिनिटं वाट पाहिली. मग तो नट म्हणाला, "मैं हूँ गगन!" पारस ताडकन उठला, तडक बाहेर आला, मोटारसायकलला किक मारली आणि दुकानात येऊन गल्ल्यावर बसला. रागानं नाकपुड्या नुसत्या फुललेल्या.

बाऊजींनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या मागं पाहिलं, रस्त्यावर पाहिलं आणि विचारलं, "बींदणी कठै?"

सून टॉकीजमध्येच होती! पारस धावत परत गेला तेव्हा ती निवांत समोसा खात होती. तिनं पूर्ण सिनेमा पाहिला. आजही भांडण झालं की ती शांतपणे एवढंच म्हणते, "पिक्चर चांगला होता."

*

त्या नटाचा आवाज अगदीच पातळ. गेंड्याचा मूळ आवाज मला हुबेहूब काढता येतो, आणि त्या आठवड्यात तो माझ्या घशाशीच येऊन बसला होता.

आमच्या बँकेत पीकविम्याच्या चौकशीला ही गर्दी! रांग कसली, घोळका. हेड ऑफिसचे एक खडूस साहेब तपासणीला येऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये बसलेले. माझं डोकं फिरलं. माइक घेतला आणि गेंड्याच्या आवाजात ठणकावलं, "सींग सीधा, रास्ता सीधा!"

सगळी बँक चिडीचूप. केबिनचं दार उघडलं. मॅनेजरसाहेबांचा चेहरा पांढराफटक. मी मनातल्या मनात बदलीचं गाव शोधायला लागलो.

हेड ऑफिसच्या साहेबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं आणि थेट डबरू बेडकाच्या आवाजात त्याचं ठरलेलं वाक्य म्हणाले, "नाव पुरानी, हिम्मत नई!" आणि दार लावून घेतलं.

दुपारी चहाला त्यांनी मला आत बोलावलं. वाटलं, आता झाडणार. साहेब खुर्ची पुढं सरकवून हळूच म्हणाले, "तुम्ही शेवटचा भाग पाहिला होता का हो? आमच्याकडं लाइट गेली होती." मी भाकरतुकड्यासकट सगळं सांगितलं. साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं झालं. इतकी वर्षं मनाला लागून राहिलं होतं."

*

गण्याच्या लॅबमध्ये बियाणं उगवतं की नाही ते तपासतात. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, ठरल्या दिवशी उघडून मोजायचं. नॉर्मल कोंब किती, अबनॉर्मल किती, मेलेलं बी किती. ह्या माणसाला जगात सगळीकडं तेच दिसतं. माझ्या पोराचं प्रगतिपुस्तकही त्यानं असंच वाचलं होतं.

दुसऱ्या सिनेमाचा ट्रेलर आला. गण्यानं तो जेवणाच्या सुटीत वीस वेळा पाहिला आणि लॅबच्या छापील फॉर्मवर रीतसर रिपोर्ट लिहिला. नमुना: ट्रेलर. नॉर्मल सीन तीन. अबनॉर्मल सीन अकरा. बेडूक: डेड. शेरा: लॉट नापास!

आम्हाला फोटो पाठवायला म्हणून त्यानं तो बाजूला ठेवला, आणि तो चुकून सह्यांच्या ट्रेमध्ये गेला. साहेबांनी रोजच्या झपाट्यात 'नापास' एवढंच वाचून सही ठोकली. सहीवर शेराही होता: "पुन्हा टेस्ट घ्या."

म्हणून दुसरा सिनेमा आम्ही दोनदा पाहिला. गण्या म्हणाला, "साहेबाची ऑर्डर हाय. मी काय करू?"

*

दुसऱ्या सिनेमात गेंडा कॉम्प्युटरवर बनवलेला होता. चार पायांचा, सुरकुत्यांसकट. पण जांभळा!

आम्ही खवळलो. आमचा गेंडा हिरवा होता. चौघांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेला, हिरवागार. पारसनं इंटरनेटवर जगभरच्या चाहत्यांच्या ग्रुपात शिरून लांबलचक निषेध लिहिला. सकाळी उठून बघतो तर शंभर जण हसत होते आणि एकानं जुनं पोस्टर टाकलं होतं. गेंडा पहिल्यापासूनच जांभळा!

मग आम्हाला एकेक आठवायला लागलं. त्या टीव्हीवर बातम्या देणारी बाई हिरवी दिसायची. क्रिकेटचे पांढरे कपडे हिरवे दिसायचे. बेडूक तेवढा बराबर दिसायचा.

आम्ही हे बाऊजींच्या कानावर घालायला गेलो. बाऊजी आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांनी पोस्टर जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं आणि परत केलं. "हमारा टीव्ही बिलकुल बराबर था," ते म्हणाले. "दुनिया ने गलत देखा."

*

तिसऱ्या सिनेमात गेंडा घरी पोचणार, असं जाहीर झालं आणि गण्याची झोपच उडाली. त्याची मुलगी स्वरा आता सात वर्षांची आहे. जेवताना तिला दुसरी गोष्ट चालत नाही. गेंड्याचीच हवी, आणि भाकरतुकड्यापर्यंत पूर्ण हवी. "ह्यांनी शेवट बदलला तर मी पोरीला काय तोंड दाखवू?" गण्या म्हणाला. त्यानं सिनेमावाल्यांना मेल लिहायचं ठरवलं. टाइप मी केला. दार, भाकर, तांब्या, डोळ्यांना पाणी, सगळा तपशील क्रमवार. शेवटी विनंती: कृपया ह्यात काडीचाही बदल करू नये.

संगी एकटीच विरोधात होती. "कशाला पाठवून राह्यला? त्यांचं ते बघतील." तशी ती शेवटच्या भागाचा विषय निघाला की नेहमीच चहा टाकायला उठायची.

आठवड्यानं चक्क उत्तर आलं! "आपण उल्लेख केलेला प्रसंग आमच्याकडील मूळ भागात आढळत नाही. कृपया संदर्भ कळवावा."

गण्यानं लगोलग उत्तर पाठवलं: "संदर्भ: संगीता मॅडम, जिल्हा परिषद शाळा." खाली शाळेचा पूर्ण पत्ता, पिनकोडसह.

*

तिसऱ्या सिनेमाला आम्ही रविवारी दुपारी गेलो. गण्यानं धावड्याहून आईलाही आणलं होतं. त्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला स्वरा. पारसची बायको समोसे घेऊन रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर, पारसला बाहेर पडता येणार नाही अशा बेतानं बसलेली.

सिनेमा बरा होता, खरं सांगतो. शेवटी नाव उतरली. जंगल तेच होतं, पण गवत वाढलेलं आणि कुणीच नव्हतं. गेंडा नुसताच उभा राहिला, शेजारी डबरू. वारा सुटला.

"आजी," स्वरानं मोठ्यानं विचारलं, "त्याची आई कुठंय?"

"आसंल की आत," म्हातारी म्हणाली. "भाकरी थापीत आसंल. येईल."

कुणी आलं नाही. पडद्यावर कलाकारांची नावं सरकायला लागली. दिवे लागले तरी गण्या उठेना. इतका मोठा माणूस, पण त्याचा चेहरा पुन्हा त्या ओट्यावरचा झाला होता, आणि मला त्याच्याकडं बघवेना.

तेवढ्यात स्वरा खुर्चीवरून उतरली आणि पॉपकॉर्नचा डबा घेऊन थेट पडद्यापाशी गेली. पडद्याच्या कोपऱ्यात बेडकासोबत गेंडा अजून उभा होता. तिनं मूठभर पॉपकॉर्न त्याच्यावरून ओवाळून लांब फेकले, मग एक मूठ बेडकावरून. पाण्याची बाटली ओवाळली. टाचा उंच करून डोळ्यांपर्यंत हात पोचतो का बघितलं, पोचला नाही, म्हणून शिंपडलं. डोअरकीपर ओरडला, "ए पोरी!" मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. संगी तोंडात पदर धरून रडत होती.

बाहेर गाड्यांच्या स्टँडवर गण्या मोटारसायकल काढत होता. त्याची आई आणि स्वरा शेजारी रिक्षात बसल्या होत्या. संगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गण्या, त्या रविवारी कॉलनीत बी लाइट न्हवती."

गण्याला कळेना. "कारखान्याची लाइट कशी जाईल?"

"उसाचं गाळप संपलं व्हतं. कारखाना बंद व्हता. मावशीकडं कुणीच काही बघितलं न्हाई. मी बी न्हाई."

"मंग भाकरतुकडा?"

"तूच सांगितल्तं मला. दिवाळीला घरी गेल्ता, तवा तुझ्या आईनं दारात ओवाळलं म्हणून. तू रडून राह्यला व्हता ना..." तिनं पदरानं नाक पुसलं. "तीस वर्षं झाली रे. माफ कर."

पारस खाली बघत होता. मीही.

गण्यानं गाडी परत स्टँडला लावली. एकदा रिक्षातल्या आईकडं पाहिलं, एकदा टॉकीजवरच्या मोठ्या पोस्टरकडं. मग त्याचा पाराच चढला.

"संगे, म्या त्या सिनेमावाल्यान्ला तुपलं नाव दिल्तं, शाळा दिल्ती, पिनकोड बी दिल्ता," तो म्हणाला. "तरी एका मानसानं येऊन तुला इचारलं न्हाई?"