कायमची एकोणसाठ

आमच्या शांतलू गावात असं बोललं जातं, की गिलेनमावशी दर गुरुवारी सकाळी ब्रेशे खाटकाच्या मागच्या दाराने आत जाते, झाकणाची बादली भरून डुकराचं ताजं रक्त आणते आणि त्यात तोंड बुडवून बसते. म्हणून तिचं वय वाढत नाही. बेकरीपुढच्या रांगेत ही गोष्ट सांगताना बायका आवाज खाली आणतात, आणि शेवटी ‘मी आपलं ऐकलं ते सांगितलं हं, मला काही ठाऊक नाही’ असं म्हणून लांबडा पाव काखेत मारून चालायला लागतात.

हे साफ खोटं आहे. बादलीत रक्त नसतं, चरबी असते.

ही चरबी मावशी मंद आचेवर वितळवते, फडक्यातून गाळते, त्यात लॅव्हेंडरचं तेल घालते आणि थोडं आपल्या गावच्या गरम झऱ्याचं पाणी शिंपडते. मग ती छोट्या बरण्यांत भरते. बरणीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र आणि खाली नाव, ‘हिमनदीचं अमृत’. रांगेत रक्ताची गोष्ट सांगणाऱ्या बायकाच त्या बरण्या नेतात. जेवताना हॅमच्या कडेची चरबी सुरीने कापून ताटाच्या काठावर सारतात, ‘मला नको बाई, जड पडतं’ म्हणतात, आणि झोपताना तीच चरबी गालांना चोळतात. खरं काय ते गावात एकट्या सुलतानला कळलेलं आहे. सुलतान हा ब्रेशेचा कुत्रा. तो प्रतिष्ठित बायकांच्या मागून जीभ बाहेर काढून हिंडत असतो, आणि त्यांना वाटतं, मुक्या जनावराला माणूस बरोबर ओळखता येतं.

मला हे माहीत आहे, कारण गिलेन ही माझ्या मादोआजीची बहीण. म्हणजे नात्याने तीही आजीच. पण तसं म्हणायची सोय नाही. लहान असताना मी एकदा तिच्या केस कापायच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांत, तिला आजी म्हटलं होतं. ती हसत हसत जवळ आली, माझ्या कपाळावरची केसांची झालर पाण्याने ओली केली आणि मधोमध तिरकी कापून टाकली. त्या दिवसापासून ती माझी मावशी.

मावशी एकोणसाठ वर्षांची आहे. मी पाळण्यात होते तेव्हाही ती एकोणसाठ होती. माझी आजी तिची धाकटी बहीण, आणि आजी शहात्तर वर्षांची आहे. गावात कोणाचं गणित कच्चं आहे असं नाही. पण हे गणित बायकांना सुचतं ते खुर्चीत मान मागे टाकलेली असताना, आणि तेव्हा कात्री मावशीच्या हातात असते.

सत्तरी उलटलेल्यांना महापौर दर वर्षी जानेवारीत सभागृहात जेवण देतात. बदकाची मांडी, चीज, केक आणि वर एक अकॉर्डियनवाला. जो येत नाही त्याच्या घरी टोपली पोचवली जाते. मावशी त्या जेवणाला कधी गेली नाही. ‘म्हाताऱ्यांच्या वासाने माझं डोकं चढतं,’ म्हणते. टोपली मात्र मागच्या दाराने घेते आणि त्यातली वाईन कोमट आहे म्हणून नगरपालिकेच्या माणसाला सुनावते.

तिचा उघडा चेहरा कोणी पाहिलेला नाही. पहाटेच ती रंगून बसते. आधी अमृत, त्यावर जर्दाळूच्या रंगाचा थर, मग गाल, भुवया, पापण्या आणि सगळ्यात शेवटी ओठ. दिवसभर काम करताना तिचा उजवा हात मधूनच आरशाखालच्या फळीवर जातो, न बघता चाचपतो, लिपस्टिक आहे ना याची खात्री करतो आणि परत येतो. लोक खिशातल्या किल्ल्या चाचपतात तसा. मी तिची नक्कल करते ती नेहमी याच हातापासून सुरू होते. घरी आजी हसून हसून रडते.

गेल्या वर्षी वसंतात पॅरिसहून सिनेमावाले आले. आमचं गरम झऱ्यावरचं जुनं स्नानगृह कधीचं बंद पडलेलं, तिथे त्यांना भयपट करायचा होता. गोष्ट अशी की एक सरदारीण तरुण राहण्यासाठी गावातल्या मुलींच्या रक्ताने आंघोळ करते, आणि शेवटी एका क्षणात तिचं सगळं वय तिच्या तोंडावर येऊन पडतं. दिग्दर्शक तिबो नावाचा दाढीवाला पोरगा होता. तो कधी साधं बोलायचाच नाही. खुर्ची मागायची असली तरी म्हणायचा, ‘मला इथे एक थकवा हवाय, म्हणजे कसं, लाकडी थकवा.’ मग कोणीतरी स्टूल आणून द्यायचं.

मुलींचं काम आम्हा शाळेतल्या पोरींना मिळालं. पांढरे झगे घालून मरून पडायचं. रक्त बिटाचं आणि साखरेच्या पाकाचं होतं. दुपारपर्यंत अंगाला मुंग्या लागायच्या.

मावशीने तीन दिवस दुकान बंद ठेवून सरदारणीच्या कामासाठी तयारी केली आणि तिबोसमोर जाऊन उभी राहिली. त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली. म्हणाला, तरुण सरदारणीसाठी नटी ठरलेली आहे. म्हातारीसाठी तुम्ही चालणार नाही, तुमच्यावर फार काम केलेलं आहे. मावशीने त्यातलं अर्धंच ऐकलं. संध्याकाळी आमच्या घरी येऊन तिने सांगितलं, की दिग्दर्शक म्हणतो, म्हातारीसाठी मी फारच तरुण दिसते.

मग तिबोला बाजारात चीजची गाडी लावून उभी असलेली माझी आजी दिसली. आजी तोंडाला साबणाशिवाय काही लावत नाही. तिबो तिच्या सुरकुत्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, हा भूगोल मला हवा आहे. आजीने विचारलं, कितीचा देऊ? तिला वाटलं, चीजचं बोलतोय.

आजी सिनेमात जाणार हे मावशीला कळलं तेव्हा ती आमच्याकडे मसुराची आमटी जेवत होती. चमचा खाली न ठेवता ती म्हणाली, ‘छान झालं. मादो, तुला कोणीतरी शेवटी बघणार.’ आजी म्हणाली, ‘मला लोक रोजच बघतात गं. तुझंच तोंड बघायचं राहून गेलंय.’ मावशीने आमटी अर्धी टाकली.

दोन दिवसांनी मावशीने येऊन निरोप दिला, की त्या प्रसंगाला आता म्हातारी बाई नकोय, रबरी मुखवटा करणार आहेत. आजी म्हणाली, बरंच झालं, त्या दिवशी मला वाल सोलायचे होते.

चित्रणाच्या सकाळी आम्ही मुली हौदाकाठी ठरल्या जागी मरून पडलो होतो. दार उघडलं आणि माझी आजी आत आली. निदान मला तसं वाटलं. तोच चौकोनी जबडा, तीच हनुवटीखालची दुमड, तेच पाण्यासारखे फिके डोळे. पण आजी इतकी ताठ चालत नाही. ती मावशी होती. तोंड धुऊन आली होती. गाल मेणबत्तीच्या बुंध्यासारखे ओघळलेले, भुवया मुळी नव्हत्याच, आणि ओठांच्या जागी नुसती एक चीर. मी मेलेली असूनही उठून बसले. तिबोने मला ओरडून परत मारलं.

धाकट्या बहिणीला पडद्यावर जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी या बाईने मुखवट्याची थाप मारून आयुष्यभर झाकलेलं तोंड परक्या पोरांसमोर उघडं केलं होतं.

तिला हौदातून डोकं वर काढून, आरशात बघून किंचाळायचं होतं. ती वर आली. लाल पाणी तोंडावरून निथळलं. तिने आरशात बघितलं आणि किंचाळलीच नाही. तिचा उजवा हात हळूच काठावर आला आणि चाचपायला लागला. न बघता, इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. तिथे लिपस्टिक नव्हती. हात थांबेना. दिवे धरणाऱ्या पोराने नजर दुसरीकडे वळवली. तिबो पहिल्यांदाच साधं बोलला. म्हणाला, ‘झालं. हेच ठेवायचं.’

नंतर मी तिला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. तोवर भुवया परत आल्या होत्या.

‘मावशी, दुकान बुडालं तुझं,’ मी म्हटलं. ‘हे तोंड एकदा बघितलं की गावात कोण घेईल तुझं अमृत?’

‘कोण ओळखणार आहे?’

‘सगळे. तो हात बघितल्यावर सुलतानसुद्धा ओळखेल.’

ती ओठ रंगवत होती, ते पूर्ण करून म्हणाली, ‘लोक चेहरा बघत नाहीत, पोपटे. रंग बघतात. लाव पैज.’

पैज अशी ठरली. सिनेमा गावात लागेपर्यंत मी तोंड उघडायचं नाही. त्या दिवशी सभागृहात एकानेही तिला ओळखलं, तर जानेवारीत तिने महापौरांच्या जेवणाला यायचं, मादोशेजारी बसायचं, आणि मी माईकवरून तिला आजी म्हणून हाक मारायची. कोणीच ओळखलं नाही, तर उन्हाळाभर दर शनिवारी मी तिच्या दुकानाच्या दर्शनी काचेमागे बसायचं. मी लगेच हातावर हात मारला. घरी आल्यावर त्या हाकेचा सूर बसवायलासुद्धा घेतला.

सिनेमा लागला तेव्हा अख्खं शांतलू सभागृहात होतं. मी मुद्दाम मावशीच्या मागे बसले. तिच्या डावीकडे माझी आजी, उजवीकडे खाटकाची बायको मादाम ब्रेशे, जी गेली कित्येक वर्षं दर महिन्याला मावशीकडून केस रंगवून घेते. आम्ही मुली मेलो तेव्हा पालकांनी टाळ्या वाजवल्या. मग हौदातून तो चेहरा वर आला. पडदाभर. सभागृह एका आवाजात किंचाळलं, महापौरही. हात काठावर आला, चाचपायला लागला. त्याच क्षणी माझ्यापुढे, अंधारात, मावशीचा खरा हात तिच्या पर्समध्ये शिरून लिपस्टिक शोधत होता. मादाम ब्रेशेच्या अगदी मांडीजवळ.

मादाम ब्रेशेने तो हात घट्ट पकडला.

‘अगं बाई गिलेन,’ ती म्हणाली, ‘हे पॅरिसवाले रबराचं काय काय करतात. असलं थोबाड देवानेसुद्धा कोणाला दिलं नसेल.’

‘देवाला एवढं जमत नाही,’ मावशी म्हणाली.

मी आजीकडे बघितलं. ती तरी ओळखेल. तिचाच तो जबडा. आजी पडद्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘आमच्या आईसारखं केलंय थोडंसं,’ आणि चष्मा पुसायला घेतला. मावशी समोर बघत राहिली. बहुतेक तेवढाच एक क्षण तिला अमृताचा उपयोग झाला नसावा.

दिवे लागले. लोक त्या मुखवट्याचं कौतुक करत उठले. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं तिच्या तोंडासाठी टाळ्या वाजवत होती आणि तिला उठून वाकताही येत नव्हतं. तीही टाळ्या वाजवत होती. दाराशी पोचेपर्यंत मात्र ती सावरली. बाहेर पडणाऱ्या एकेका बाईला थांबवून हळूच सांगू लागली, ‘बघितलंस ना? काही न लावता झोपलं की असं होतं.’ सोमवारी दुपारी बरण्या संपल्या. ब्रेशेला चरबी पुरेना.

म्हणून या उन्हाळ्यात दर शनिवारी मी काचेत बसलेली असते. तोंडाला बोटभर जाड अमृत, मांडीवर मावशीच्या वळणदार अक्षरातली पाटी: ‘वय बेचाळीस, तीन बाळंतपणं’. बाहेरगावच्या बसने आलेल्या बायका काचेला नाक लावतात, आत येतात, विचारतात, खरंच? मावशी मला बोटाने खूण करते. मग मला बेचाळिशीच्या आवाजात, कमरेवर हात ठेवून, तिसऱ्या खेपेला किती त्रास झाला ते सांगावं लागतं. काचेपलीकडे फुटपाथवर सुलतान बसलेला असतो. सकाळपासून त्याने माझ्यावरची नजर काढलेली नसते.