चिंच लावलेली चाके

माझे अक्षर किरटे आहे आणि ओळ चालता चालता खाली उतरते. शाळा चौथीपर्यंत झाली. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे तेव्हाही कळत नव्हते, आता तर विचारूच नका. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी चुकून कोणाच्या हाती लागली तर चुकांची माफी आधीच मागून ठेवते. तोंडाने मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

घरोघर रंगीत टीव्ही यायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही माहुलला राहतो. खाडीत मासळी कमी झाली तसा माझ्या नवऱ्याने होडीतला वाटा भावाला दिला आणि चेंबूरच्या एका सोसायटीत गाड्या धुवायचे काम धरले. सहा गाड्या होत्या, एका गाडीचे महिन्याला पस्तीस रुपये. मी घरचे करून जावेबरोबर बाजारात बसायची. बसायची म्हणजे तिच्या मागे. गिऱ्हाईकाशी घासाघीस ती करायची, मी मान खाली घालून मासळी साफ करायची. ती म्हणायची, "कोळ्याच्या घरात असली मुकी कशी जन्मली गो?" मी हसायची.

मग नवऱ्याला कावीळ झाली. डॉक्टरने दोन महिने पडून राहायला सांगितले. असले काम एकदा दुसऱ्याने धरले की परत मिळत नाही, म्हणून त्याच्या जागी मी जायला लागले. पहाटे निघायचे, सातच्या आत सहाही गाड्या पुसून व्हायच्या. त्या वेळी खाली कोणी नसते, कोणाशी बोलावे लागत नाही, त्यामुळे मला ते काम आवडायलाही लागले होते.

होते ते फक्त वॉचमनकाका. मालवणकडचे, म्हातारे. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हापासून या सोसायटीत होते आणि जिन्याखालच्या खोलीत राहायचे. ते बोलायचे, मी ऐकायची.

तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची पांढरी फियाट होती. त्यांच्या भावाने दुबईहून तिला चार चाके पाठवली होती. बाकीच्या गाड्यांच्या चाकांवर वाटीसारखी टोपी असते, तशी ही नव्हती. पांढऱ्या धातूची, मधे जाड पाकळ्या. साहेब त्यांना मॅगव्हील म्हणायचे. रविवारी खाली येऊन नुसते चाकांकडे बघत उभे राहायचे. नवऱ्याने मला पहिल्याच दिवशी बजावले होते, "त्या चाकांना साधे पाणी आणि मऊ फडके. दुसरे काही नको." मला वाटले, हा अंग चोरत असणार.

कारण ती चाके चांगली दिसत नव्हती. त्यांच्यावर काचेसारखा पातळ थर होता आणि तो जागोजागी सुटला होता. थराच्या आत पांढरे धागे पसरले होते, लाकडात कीड फिरते तसे. कडेला पापुद्रे उभे राहिले होते, नख लावले की खवल्यासारखे निघायचे. मी धातू ओळखला. आमची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, टोपे असतात, तोच. आणि जर्मन कसे घासायचे ते मला कोणी शिकवायला नको. सोडा लावला तर काळे पडते. चिंच आणि चाळलेली राख लावली तर चांदीसारखे होते.

एका सकाळी मी डब्यात चिंचेचा कोळ, पुडीत राख, काथ्या आणि टोपाची खरवड काढायची शिंपली घेऊन गेले. आधी शिंपलीच्या कडेने पापुद्रे काढले, मासा खवलतो तसे, एका बाजूने धरून. मग चिंच लावली.

काका झाडू घेऊन मागे उभे होते. "काय गो बाये, चाकाक चिंच कित्याक? आमटी करतलंस काय?"

मी हसले. एक चाक व्हायला अर्धा तास लागला. धुतल्यावर ते असे चमकले की बाकीची तीन मळकी वाटायला लागली. काका वाकून बघत म्हणाले, "तोंड दिसता माझा. दाढी करूची रवली."

त्या दिवशी मला उशीर झाला. साहेब ऑफिसला निघाले तेव्हा मी शेवटची गाडी पुसत होते. ते चाकाशी थांबले, बसून हात फिरवला. "झकास! काय केलंस गं?" कोणी माझ्या कामाला असे म्हटलेले मला आठवत नव्हते. पुढच्या तीन दिवसांत मी उरलेली तीनही चाके केली.

आठवडाभर ती तशीच राहिली. मग तेज गेले. दुसऱ्या आठवड्यात डाग उठले, राखाडी आणि खरखरीत. जिथे थर शाबूत होता तिथे गुळगुळीत, जिथे मी खरवडला होता तिथे पांढरी बुरशी आल्यासारखे. गाडी खाडीकडच्या बाजूला उघड्यावर उभी असायची. तिकडच्या वाऱ्याने आमच्या घराच्या कड्या गंजतात, हे मला ठाऊक होते. पण जर्मन गंजत नाही असे मी धरून चालले होते. रोज घासले जाते म्हणून टोप चांगले राहते, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

साहेबांनी चाके टायरवाल्याला दाखवली. तो म्हणाला, यावर कोणीतरी ॲसिड टाकले आहे. सोसायटीत ॲसिड एकाच माणसाकडे असायचे, जिन्याच्या लाद्या धुवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली भरत होते तेव्हा साहेब खाली उतरले आणि काकांवर ओरडायला लागले. "म्हातारचळ लागलाय का तुम्हाला? चारी चाकांची वाट लावलीत! लाद्या धुता की गाडीवर ओतता?"

"ॲसिड लादयेसाठी असता, सायबानू. चाकाक मी हात लावूक नाय."

"मग कोणी लावला?"

काकांनी माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. "माका काय म्हायत."

"रविवारच्या मीटिंगमध्ये सांगतो सेक्रेटरींना. दुसरा वॉचमन बघा म्हणतो."

साहेब गेले. माझी बादली भरून वाहत होती. काका आले, नळ बंद केला आणि झाडू घेऊन निघून गेले.

घरी जाऊन नवऱ्याला सगळे सांगितले. तो भिंतीला टेकून उठून बसला. डोळे अजून पिवळेच होते. "गप बस गो. एकाने काढले की बाकीचे पाच काढतील. सहा गाड्या हातच्या जातील, मग खायचे काय?" थोड्या वेळाने म्हणाला, "साधे पाणी सांगितले होते ना मी." मी म्हटले, हो, सांगितले होतेस.

शनिवारपर्यंत मी गप्प राहिले. तीन दिवस काकांनी मला एक शब्द विचारला नाही. नेहमीसारखे बोलत होते, गावच्या आंब्यांचे, सुनेचे. ते चिडले असते तर मला गप्प बसणे सोपे गेले असते.

शनिवारी गाड्या झाल्यावर मी जिना चढले. त्या इमारतीत मी कधी वर गेले नव्हते. बेल दाबली. साहेबांच्या बाईंनी दार उघडले. मागे साहेब पेपर वाचत होते. मी ठरवलेले सगळे विसरले आणि नुसती म्हणाले, "चाके मी घासली. चिंचेने."

"कशाने?" साहेबांनी पेपर खाली केला.

"चिंच आणि राख. आधी शिंपलीने खरवडली. काकांनी काही केले नाही."

बाई म्हणाल्या, "अगं, ती चाकं आहेत की तांब्या?"

साहेब आधी हसले आणि मग त्यांना राग आला. दुबईहून आणलेल्या वस्तूची किंमत तुला कळते का, नवऱ्याने काही सांगितले नव्हते का, असे बरेच बोलले. मी उभी राहिले. नवऱ्याने सांगितले होते, तेही मी सांगून टाकले. शेवटी ते म्हणाले, "सोमवारी माझ्याबरोबर मरोळला चल. काय काय फासलंस ते तिथल्या पॉलिशवाल्याला तूच सांग."

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात पॉलिशचे काम चालायचे. तिथल्या कारागिराने चाकावर अंगठा फिरवला. मी चिंच म्हटल्यावर तो मोठ्याने म्हणाला, "च्यायला, साहेब, बाईने साफ तर बरोबर केलंय! चिंचेची चूक नाय. वरचं लॅकर काढलं आणि तसंच उघडं सोडलं, तिथे वाट लागली. घासल्यावर परत लॅकर मारायला पाहिजे."

साहेबांनी विचारले, "म्हणजे हिनं हात लावला नसता तर टिकलं असतं?"

"कुठलं टिकतंय? आतून पसरत होतंच. सहा महिन्यांनी तुम्ही माझ्याकडे आलाच असता. हिने लवकर आणलं."

चारही चाके पूर्ण खरवडून, पॉलिश करून, वर नवे लॅकर मारायचे तीनशे वीस रुपये सांगितले. साहेबांनी ते दिले. परत येताना गाडीत ते म्हणाले, "अर्धे माझे, अर्धे तुझे." मी मागच्या सीटवर कडेला बसले होते. मी म्हटले, "महिन्याला वीस देईन. पण काम काढून घेऊ नका."

ते म्हणाले, "साध्या पाण्याने धुणार असशील तर ये."

काकांचे नाव मीटिंगमध्ये निघाले नाही. ते मला रागावले मात्र. "कित्याक सांगलंस? माका काय, मी गावाक गेलंय असतंय. तुझो घोव आजारी." मी म्हटले, "तुम्ही का नाही सांगितले?" त्यावर ते झाडायला लागले.

साहेबांच्या बाई म्हणाल्या होत्या की वीस रुपये पगारातूनच कापू. मी त्यांना म्हटले, कापू नका, पूर्ण पगार द्या, मी माझ्या हाताने परत देते. त्यांना ते विचित्र वाटले असणार. पण दर महिन्याला मी पस्तीस घ्यायची, दारातच त्यातले वीस मोजून त्यांच्या हातावर ठेवायची. नवरा तिसऱ्या महिन्यात कामावर परत आला. तरी पैसे द्यायला मीच यायची. गणपतीच्या महिन्यात फक्त दहा देता आले, ते पुढच्या महिन्यात तीस देऊन भरून काढले.

आठव्या महिन्यात दहाच्या दोन नोटा दिल्या. बाईंनी कॅलेंडरवरच्या खुणा मोजल्या.

"फिटले बघ सगळे," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटले, "एकशे साठ. फिटले."