कडीचा ग्रीक राजा

लग्न होऊन राळेगावला आले तेव्हा नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. लोक जुन्या आण्यांचा निकाल लावत होते आणि आमचे हे मात्र त्याहून जुने गोळा करत होते. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. यवतमाळच्या एका वकिलांकडे नाण्यांचे जाड पुस्तक होते, ते चाळून यांना वेड लागले. बाजाराच्या दिवशी हे मला घेऊन सोनाराकडे जायचे. तिथे मोडीची परात असे, वितळवायला आलेले तुटके वाळे, पैंजण, आकडे. त्यात एखादे जुने नाणे निघते का, ते आम्ही दोघे बोटांनी चाळून बघायचो. घरी सासूबाईंसमोर आम्ही एकमेकांकडे बघतही नसू. इथे डोक्याला डोके लावून बसता येई. त्यामुळे मला आदल्या दिवसापासूनच हसू फुटायचे.

दुकानात मी बोलत मात्र नसे. आमच्याकडच्या सुना परक्या पुरुषाशी बोलत नसत, त्यात मी लाजाळू. काही म्हणायचे असले की पदराआडून यांच्या कानाशी पुटपुटायची, मग हे मोठ्याने सांगायचे.

एकदा परातीत माझ्याच बोटाला ते लागले. दोन आण्यांच्या चवलीएवढे चांदीचे नाणे. एका बाजूला टोप घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला ढाल घेतलेली बाई, कडेने अनोळखी अक्षरे. यांनी माझा तळहात डोळ्यांजवळ ओढला.

"ग्रीक हाय हे," हे हळूच म्हणाले. "सिकंदराच्या मागून इकडं राह्यलेल्या राजाचं."

सिकंदर मी शाळेत वाचला होता. त्याच्या भाऊबंदांपैकी एक राळेगावच्या बाजारात माझ्या तळहातावर, या विचाराने मला उचकीच लागली.

पण नाण्याच्या माथ्यावर कडी होती. गळ्यात घालता यावे म्हणून कुणीतरी डाख देऊन जोडलेली. यांचा चेहरा उतरला. नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी कडीचे नाणे बाद.

"कडी काढून घासून द्या," यांनी सोनाराला सांगितले. "डबीत साफ दिसलं पायजे."

मी राजाकडे पाहिले. त्याचे नाक पार गेले होते. ते कुण्या बाईच्या चोळीवर घासून, तिच्या लेकरांनी चघळून गेले असणार. कडी निघाली की ती बाईही निघून जाणार. मग उरेल नुसता राजा, आणि राजे यांच्या डबीत बरेच होते. मला तो कडीसकट हवा होता. लग्नातला कुठलाही दागिना मला इतका हवासा वाटला नव्हता.

मी यांच्या कानाशी लागले. "कडी काढू नका म्हणा."

हे सोनाराला म्हणाले, "थे म्हणून राह्यली, लवकर काढा."

मी यांना चिमटा काढला. "नका काढू म्हणा ना."

"थे म्हणते, घासाले विसरू नका."

यांचा चेहरा सरळ होता, पण हसू दाबून कान लाल झाले होते. सोनाराने कानस उचलली.

"राहू द्या ती कडी."

चांगले खणखणीत बोलले कुणीतरी. मीच होते.

सोनाराची कानस तशीच हवेत राहिली. त्याने माझ्याकडे पाहिले, मग यांच्याकडे.

"बाई बोलतेत?" तो म्हणाला. "मी तं वर्षभर समजून राह्यलो, मुक्या हायेत. म्हटलं, मानूस मोठ्या मनाचा, मुक्या बायकोले बाजारात फिरवते."

मी तोंडात पदर कोंबला, तरी हसू बाहेर यायचे ते आलेच. हे तर परातीवरच वाकले. "द्या बापा तसंच," हे डोळे पुसत म्हणाले. "राजा आता तिचा."

काळ्या दोऱ्यात ओवून मी तो तिथेच गळ्यात घातला. रस्ताभर आम्ही थांबून थांबून हसलो. घरी नणंदेने पदर बाजूला करून पाहिले.

"वयनी, हा कोन मानूस गयात घेऊन फिरून राह्यली? दादाले ठाऊक हाय काय?"

"त्यायनंच घेऊन देल्ला," मी म्हटले.

सासूबाईंनी नाणे उजेडात धरले, दोन्ही बाजू पाहिल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "मामाजीच्या समोर बाईची बाजू वर ठेवत जाय. परका मानूस बरा दिसत नाही."

तेव्हापासून सासरे जेवायला बसले की ढालवाली बाई पुढे, ते हात धुऊन उठले की राजा. आणि कोण पुढे आहे ते नणंद समोरून डोळ्यांनी विचारायची, तेव्हा माझ्या हातात वरणाची पळी राहत नसे.