फाटक्या सदऱ्याला मंजुरी

पडदा वर जातो तेव्हा दिसतो पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरचा लांबट बोळ. भिंतीला हिरवा रंग, तोही खांद्यापर्यंतच. त्याच्या वर पालिकेचा उत्साह संपलेला. एक बाक. बाकावर आमच्या नाटक कंपनीच्या कपडेपटवाल्या मावशी आणि शेजारी त्यांचे यजमान, दर दोन पायऱ्यांनी थांबत वर आलेले.

मावशींनी तीस वर्षं आमचा कपडेपट सांभाळला. राजाचा शेला असो की शिपायाची टोपी, त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाचं पाऊल रंगमंचावर पडत नसे. एकदा मी चुरगळलेल्या कोटात विंगेत उभा राहिलो, तर तिसरी घंटा झालेली असताना त्यांनी तो माझ्या अंगावरून उतरवून घेतला. प्रेक्षक थांबले, मीही थांबलो. अशी बाई आता शोधूनही सापडायची नाही.

यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती आणि ती महिन्याभरात बदलायलाच हवी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इस्पितळ तयार होतं. अडलं होतं ते पालिकेच्या गरीब रुग्ण समितीच्या मंजुरीपत्रावाचून. उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं खरं आणि सगळं अर्जाला जोडलेलं.

चूक झाली ती मावशींची, आणि ती त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. चार लोकांसमोर उभं राहायचं म्हणून त्यांनी कंपनीने टाकून दिलेला वकिलाचा काळा कोट उसवला, नवऱ्याच्या मापाचा केला आणि त्याला अशी कडक इस्त्री केली की घडीवर बोट टेकवायची भीती वाटावी.

समितीत तिघं. अध्यक्ष, एक सभासद बाई, आणि एक गृहस्थ, ज्यांना तिथे जागं राहण्यापलीकडे काही काम नव्हतं आणि तेही झेपत नव्हतं. कागद कुणी उघडलेच नाहीत. अध्यक्षांनी यजमानांचा कोट पाहिला, मग स्वतःचा पाहिला आणि म्हणाले, हे तर आमच्यापेक्षा साहेब दिसतात. बाई हसल्या. अर्जावर लाल शाईत शेरा पडला, ‘गरजू वाटत नाहीत’. पुन्हा यायचं तर पुढच्या मंगळवारी.

मावशी थेट माझ्याकडे आल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दादा, माझ्या इस्त्रीनेच घात केला हो त्यांचा.”

मी उभ्या आयुष्यात नाना तऱ्हेचे प्रेक्षक सोसले. खोकणारे, घोरणारे, भलत्याच जागी टाळ्या देणारे. पण माणसाचा जीव जात असताना त्याच्या कोटाची घडी बघत बसणारे हे पहिलेच. मी म्हटलं, ट्रंकेत भिकाऱ्याचा सदरा आहे ना? त्यात मी तीनशे प्रयोग केलेत, लोकांनी डोळे पुसलेत. मावशींना पटेना. खोटं बोलणार नाही म्हणाल्या. त्यांना समजावलं, की बोलायचं काहीच नाही, कागद तर खरेच आहेत. नुसतं घालायचं.

त्या सदऱ्याची ठिगळं शेवटच्या रांगेतून दिसावीत इतकी मोठी, आणि भोकांच्या कडा मावशींनी आतून शिवलेल्या, म्हणजे दारिद्र्य आहे तेवढंच राहील, पुढे फाटणार नाही. यजमानांनी तो घालून बघितला आणि म्हणाले, माझ्या सगळ्या कपड्यांत हाच मजबूत आहे.

मंगळवारी मीही भाऊ म्हणून सोबत गेलो. काय तो परिणाम! बाईंनी रुमाल काढला. झोपाळू गृहस्थ जागे झाले. गेल्या आठवड्यात हाच माणूस, हेच कागद समोर आले होते, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. चेहरा त्यांनी तेव्हाही पाहिला नव्हता. अध्यक्षांनी सही केली ती फोटोवाल्याला बोलावून, आणि एक ठिगळ नीट दिसेना म्हणून यजमानांना खांद्याला धरून उजेडाकडे वळवलं. मी अध्यक्षांहून वाईट नट पाहिलेले आहेत, पण इतका तृप्त नट पाहिला नाही.

मावशींचं लक्ष फक्त पत्रावर. कारकुनाने शिक्का मारला, क्रमांक घातला. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी केली, पिशवीत ठेवलं. त्याच पत्रावर यजमानांना दुपारी खाट मिळाली आणि आठवड्याच्या आत झडप बदलली, पण ते नंतरचं.

आम्ही दारापर्यंत पोहोचलो तेव्हा अध्यक्षांनी मावशींना हाक मारली. महिनाअखेरीला पालिकेचा सोहळा होता. मोठे पाहुणे येणार होते. यजमानांना व्यासपीठावर बसवायचं होतं. चालता येत नसेल तर माणसं पाठवून उचलून आणू म्हणाले. फक्त एक करा, हेच कपडे घालून आणा.

मावशींनी पिशवी काखेत घट्ट धरली.

“आणते की साहेब. पण कपडे नाटक कंपनीचे आहेत, भाडं पडेल.”