पाठमोरा माणूस

“पावणं दारात आलं की ह्यो पाठ दाखवणार व्हय?” थोरली आत्या म्हणाली. हळूच म्हणाली, म्हणजे फक्त खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

वास्तुशांतीचा दुसरा दिवस. मटणाचं जेवण उरकलं होतं आणि पाहुण्यांना आता नव्या फ्लॅटमधल्या चुका काढायला निवांत वेळ होता. दारासमोरच्या भिंतीवर मी रंगवलेलं चित्र होतं: मोठा वाद्यवृंद आणि त्याच्यापुढे हातात छडी उंचावून उभा असलेला, पाठमोरा संचालक. बाबांनी स्वतः खिळा ठोकून ते लावलं होतं.

मी तिथेच पाण्याचे ग्लास गोळा करत होते. पण मी इंग्रजी शाळेत शिकले आणि फारशी बोलत नाही, तेव्हा मला मराठी कळत नाही, असं घराण्यात ठरून गेलं आहे. मी ते कधी खोडलं नाही. त्यामुळे माणसं माझ्यासमोर फार मोकळी बोलतात.

“वाजवत न्हाय, गात न्हाय. नुसती काठी हलवतोय,” आत्या म्हणाली.

“मुकादम असंल,” काका म्हणाले.

काकांचा फ्लेक्सचा धंदा. चौकाचौकात हात जोडलेले जे चेहरे दिसतात, त्यातले निम्मे त्यांचे. वाढदिवसाच्या बोर्डावर स्वतःची पाठ छापून घेणारं गिऱ्हाईक त्यांना अजून भेटलेलं नाही. त्यामुळे कलेतलं शेवटचं मत त्यांचंच.

“आपला पेंटर हाय की. संध्याकाळपर्यंत तोंड हिकडं फिरवून देतो. दादाचाच चेहरा टाकू. गॉगल बी घालू.”

बाबा लाजल्यासारखे हसले. नको म्हणाले नाहीत.

त्या पाठीवर माझा अख्खा हिवाळा गेला होता. हात वर गेल्यावर कोटाला खांद्याजवळ जी चुणी पडते, ती जमेपर्यंत कितीदा तरी रंग खरवडला होता. आता तिथे गॉगल येणार होता. तो काळा असावा की सोनेरी काडीचा, यावर सोफ्यावर दोन तट पडले.

काका स्टुलावर चढले आणि चित्र उतरवलं.

“गुंडाळायला जुनी चादर आण गं,” आत्या मला म्हणाली. मग मला कळावं म्हणून मोठ्यानं, सावकाश, “बेडशीट. ओल्ड बेडशीट.”

मी जागची हलले नाही.

“काका, परत खिळ्याला अडकवा ते,” मी म्हणाले. “तोंड हाय त्याला. वाजवणाऱ्यांना दिसतंय.”