रोज त्याच जागी ब्रेक

मालकानं समद्या टेम्पोंना जीपीएसचं यंत्र बसवलं. महिन्याभरानं मला हापिसात बोलवून कॉम्प्युटर दावला. निपाणी-बेळगाव रस्त्यावर माझेच करकचून ब्रेक, रोज त्याच जागी.

"तिथं खड्डे हायत व्हय रं?"

"न्हाय आण्णा, देवळं हायत. दोन्ही हातानं नमस्कार करतो."

"आणि स्टेरिंग?"

"ते सुटतंय म्हणून तर ब्रेक मारतो!"

चावी गेली, असंच वाटलं. पण मालकानं देवळं कमी असलेला लोंढ्याचा रस्ता दिला. "असला एक जरी ब्रेक दिसला तर गाडी बंद."

पहिल्याच दिवशी जंगलात कडेला माकडं बसलेली. मारुतीची जात, हात जोडल्याबिगर कसा जाऊ?

आता मी गोदामात पोती उचलतोय. नव्या ड्रायवरचा एकबी ब्रेक दिसत न्हाय. पापी लेकाचा!