दादाच्या नंबरवरून आलेला 'हाय'

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर चौकला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. गाडी बंद पडली की लोक आधी लिंबू-मिरची बदलतात, मग माझ्याकडे फ्यूज मागायला येतात... अशांची मी कायम टर उडवत आलोय. या ग्रुपवरचे भुताखेतांचे किस्सेही वाचायचो ते हसायला.

गेल्या वर्षी नेहमीच्या चॅटिंग अ‍ॅपने माझं खातं बंद केलं. चूक माझीच – ऑइल फिल्टरची ऑफर एका दमात सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवली होती. दोनदा अर्ज केला, दाद नाही. अडला हरी... म्हणून एक नवीन अ‍ॅप घेतलं. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. ते उघडलं की आपल्या फोनमधले कोण कोण तिथे आहेत त्याची यादी दिसते. माझ्या यादीत तिघंच. एक टायरवाला, एक शाळेतला मित्र, आणि तिसरं नाव 'दादा टेंपो'.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. सहा वर्षांपूर्वी भिवपुरीला माल टाकायला गेला. टेंपो कर्जतच्या अलीकडे रस्त्याकडेला सापडला. चावी जागेवर, जेवणाचा डबा रिकामा, दादा नाही. पोलीस, पाहुणे, दवाखाने सगळं पालथं घातलं. त्याचा नंबर कधीच बंद पडलाय, पण फोनमधून काढायला माझा हात धजला नाही, एवढंच.

मी दुकानात होतो, सकाळी अकराचा सुमार, आणि त्या नावाखाली मेसेज आला – 'हाय'.

खोटं कशाला बोलू, नाव दोनदा वाचलं. पण बंद नंबर पुढे दुसऱ्याला देतात, त्यातलाच कोणी असणार असं मनाशी म्हटलं. लिहिलं, 'हाय. आपण कोण?' उत्तर, 'हाय'. 'कुठून बोलताय?' 'हाय'. असं पाच वेळा. माझं टाळकं सटकलं. 'ओळखदेख नसताना त्रास देऊ नका. परत मेसेज करू नका,' असं लिहून टाकलं. मग तिकडून चिडीचूप. त्या नंबरवर फोन लावून पाहिला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही.

दुपारी लोधिवलीला घरी जेवायला गेलो. वहिनी वाल सोलत बसली होती. तिला फोन दाखवला. तिने बोट ठेवून ठेवून वाचलं.

"भाऊजी, ह्यो इंग्लिशमदला हाय नाय वो," ती म्हणाली. "ह्ये सांगतायत... हाय म्हणून."

मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं. दादा घाटात असला की रेंज जायची, बोलता बोलता आवाज तुटायचा. मग ही विचारायची, "हाय ना?" आणि तो तिकडून म्हणायचा, "हाय." 'आहे', एवढंच. आमच्या घरात बारा महिने बोलला जाणारा शब्द, आणि मोबाइलवर दिसल्याबरोबर मी त्याचा गुड मॉर्निंग करून टाकला.

सहा वर्षं वहिनी कुंकू लावते. बायका मागून बोलतात, तोंडावरही बोलतात. 'एकदाचं काय ते कळू दे' एवढंच तिचं देवाकडे मागणं असतं. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि एकेक अक्षर शोधून स्वतः लिहिलं – 'हाय ना?'

उत्तर नाही. मग रोज मी जेवायला आलो की ती फोन मागायची आणि तेच दोन शब्द लिहायची. मी खाली मान घालून जेवायचो. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी फोन तिच्या हातात असतानाच उत्तर आलं.

'नाय'.

आणि 'दादा टेंपो' यादीतून गेलं. मेसेज आहेत, माणूस नाही. अ‍ॅपवाल्यांना लिहिलं, तर म्हणे या नंबरचं खातं आमच्याकडे कधी उघडलंच नव्हतं. मोबाइलच्या दुकानातला म्हणाला, सिस्टिममध्ये गडबड असेल. असेलही. पण गडबडीला आमच्याकडचं 'नाय' कसं काय येतं, हे त्यालाही सांगता आलं नाही, मलाही अजून उलगडलेलं नाही.

"नाय म्हंजे काय वो भाऊजी?" वहिनीने त्या दिवशी विचारलं. "येत नाय, का... ते नायत?"

कुंकू तिने पुसलेलं नाही. पण आता लावताना तिचा हात मध्येच थांबतो, मी पाहिलंय.

मला मात्र तिसराच अर्थ छळतो. तिला फोन दाखवण्याआधी मी माझा तो शेवटचा मेसेज लाजेने पुसून टाकला होता. तिने तो वाचलेलाच नाही. परत मेसेज करू नका, असं मी म्हटलं होतं त्याला... आणि दादाने माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही. 'नाय' म्हणजे 'नाय करत मेसेज', असं तर तो मला सांगत नसेल ना? वहिनीला हे कोणत्या तोंडाने सांगू, तुम्हीच सांगा.